एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

“एका संगणकावर दोन-दोन कार्यप्रणाली कशाला हव्यात?” हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणांनी विचारला. त्यात माझा हिंजवडीला आयटीत असलेला पुतण्या आहे, सकाळी नीरेच्या पुलापर्यंत सोबत फिरायला येणारे निवृत्त तलाठी भाऊसाहेब आहेत, आणि भोरच्या बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक माजी विद्यार्थीही आहे. तो तर स्पष्टच म्हणाला, “सर, लोक एक काढून दुसरी टाकायला येतात. दोन्ही ठेवायला कुणी येत नाही.” प्रश्न रास्त आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस. तरी याचं उत्तर आता मला देता येतं, आणि ते संगणकापेक्षा डोळ्यांबद्दल जास्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यंत्र माझं नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आहे. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीतली मुलगी. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं.) ती भोरला वसतिगृहात राहून शिकली, पुढे पुण्याला ऑप्टोमेट्री केली आणि आता दृष्टिविज्ञानात संशोधन करते आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना धुक्यात, पावसात, तिन्हीसांजेला नेमकं किती दिसतं, हा तिचा विषय. प्रत्यक्ष वाड्यांवर जाण्याआधी चार-सहा ओळखीच्या म्हाताऱ्यांवर पद्धत तपासून बघायची होती. म्हणून तिने आपला जुना डेस्कटॉप माझ्या माजघरात आणून मांडला. माजघर अशासाठी की तिथे खिडकी नाही आणि दुपारीही काळोख करता येतो.

हा विषय ऐकून भाऊसाहेब म्हणाले, “शिबिरात तपासतातच की डोळे!” तपासतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, वरची ओळ मोठी, खाली खाली बारीक. निरक्षरांसाठी तोंड फिरवलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता. पण त्या तक्त्यावरची अक्षरं काळीकुट्ट आणि मागचा कागद पांढराशुभ्र असतो. किती बारीक दिसतं ते त्यातून कळतं. किती फिकट दिसतं ते कळत नाही. आणि आमच्या भागात आयुष्य फिकटातच जातं. ज्यांनी आषाढात तोरण्याच्या पायथ्याची गावं पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. भाताच्या खाचराचा बांध राखाडी, त्यातलं पाणी राखाडी, वरचं आभाळ राखाडी. ओट्याची ओली पायरी आणि अंगणाची ओली फरशी यांत काळ्या-पांढऱ्याचा फरक नसतो, राखाडीच्या दोन छटांचा असतो. त्या फरकाला शास्त्रात कॉन्ट्रास्ट म्हणतात. आपण चित्रकलेच्या तासाला ‘उठाव’ म्हणायचो, तेच.

माझी थोरली वहिनी वेल्ह्याकडच्याच गावी राहते. काही वर्षांपूर्वी एका शिबिरातून तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढे तपासणीत तक्त्याच्या खालच्या ओळीपर्यंत तिने बोटाने दिशा दाखवल्या. नजर उत्तम, असं सांगून घरी पाठवलं. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती ओट्याच्या पायरीवरून पडली. खुबा मोडला. घरातले सगळे तिलाच बोलले. डोळे चांगले आहेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, मग बघून चालायला काय झालं? ती बिचारी “दिसलीच नाही गं पायरी” एवढंच सुनेला सांगत राहिली. तिचं खरं मानायला कुणाकडे पुरावा नव्हता. हा पुरावा गोळा करण्याचं काम ही मुलगी करते आहे, असं मी समजतो.

आता कुणी म्हणेल, त्यासाठीही तक्ता असेलच ना? आहे. १९८८ साली डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी तो केला. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, पण तीन-तीन अक्षरांच्या गटाने फिकट होत जाणारी. फार छान कल्पना आहे. पण अक्षरं रोमन, आणि आमच्या वाडीवरच्या आज्यांना मराठीही वाचता येत नाही. शिवाय तक्त्यावर एकाच मापाची अक्षरं असतात, तर पायरीची कड, विळ्याची धार आणि समोरून येणारी एस.टी. ही वेगवेगळ्या मापाची कामं आहेत. म्हणून संगणक. पडद्यावर राखाडी पट्ट्यांचा एक गोल क्षणभर दिसतो, पट्टे डावीकडे किंवा उजवीकडे कललेले. माणसाने डावं की उजवं बटण दाबायचं, बस्स. अक्षरओळख लागत नाही.

या परीक्षेची रीत मला मास्तर म्हणून फार आवडली. लागोपाठ तीन उत्तरं बरोबर आली की पुढचे पट्टे आणखी फिकट. एक चुकलं की परत गडद. जिन्यावरून खाली-वर करावं तसं. त्यामुळे डोळा तल्लख असो की अधू, प्रत्येकाची बरोबर उत्तरं शेवटी ऐंशी टक्क्यांच्या आसपासच स्थिरावतात. आपण बघायचं ते कुठल्या पायरीवर स्थिरावली एवढंच. सगळ्यांना सारखेच गुण आणि तरी प्रत्येकाची कुवत कळते! चाळीसेक वर्षांच्या नोकरीत अशी प्रश्नपत्रिका मला काढता आली असती तर काय हवं होतं. आणखी एक गंमत म्हणजे ‘दिसलं नाही’ असं उत्तर इथे चालत नाही. भाऊसाहेब चिडले, “अगं, दिसतच नाही तर सांगू काय?” ती शांतपणे म्हणाली, “आजोबा, जे वाटेल ते दाबा.” आणि नुसत्या अंदाजाने दाबतोय असं म्हणणाऱ्या भाऊसाहेबांची बरीच उत्तरं बरोबर आली. माणूस ‘दिसत नाही’ म्हणतो त्याच्या खालीही डोळ्याला थोडं दिसत असतं.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. अडचण यंत्राची आहे, आणि माझा मुद्दा इथून सुरू होतो.

आपल्या संगणकाच्या पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत साधारणपणे २५६ पायऱ्या असतात. भरपूर वाटतात. पण मधल्या राखाडीवर एका पायरीचाच चढउतार केला तरी कॉन्ट्रास्ट पाऊण टक्क्याच्या वर जातो. तरुण निरोगी डोळ्याला योग्य मापाचे पट्टे अर्ध्या टक्क्यालाही दिसू शकतात. म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजायचं तिच्या खुणा मोजायच्या वस्तूपेक्षा जाड! त्यावर उपाय आहेत. दहा बिटांचं ग्राफिक्स कार्ड आणि तसाच पडदा असेल तर १०२४ पायऱ्या मिळतात. नाहीतर शेजारशेजारच्या ठिपक्यांत दोन छटा अशा मिसळायच्या की डोळ्याला मधली छटा भासावी. जुन्या वर्तमानपत्रांत फोटोंचे ब्लॉक असायचे ना, भिंग लावलं की नुसते ठिपके, त्याच जातीची युक्ती. दुसरी भानगड अशी की संगणकाला ‘निम्मा उजेड दे’ म्हटलं तर तो निम्मा देत नाही. पडद्याच्या घडणीमुळे निम्म्या आकड्याला जेमतेम पाचवा हिस्सा उजेड पडतो. म्हणून उजेडमापक पडद्यासमोर धरून आकडा आणि उजेड यांचं कोष्टक करावं लागतं. आम्ही दोघांनी एक आख्खी दुपार हेच केलं. ती आकडा सांगायची, मी वहीत लिहायचो.

तिसरी गोष्ट वेळेची. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. पट्टे २०० मिलिसेकंद दाखवायचे म्हणजे बरोबर १२ चित्रं. मध्येच यंत्राला दुसरं काम आठवलं आणि एक चित्र जास्त रेंगाळलं, तर माणसाला बघायला जास्त वेळ मिळाला. परीक्षेत एकाला तीन तास आणि दुसऱ्याला सव्वातीन दिल्यासारखं. हे तपासायला तिने पडद्याच्या कोपऱ्यात उजेड टिपणारा बारीकसा डायोड चिकटवला होता.

आणि आजचे संगणक तर डोळ्याला सुखवण्यासाठीच केलेले असतात. संध्याकाळ झाली की पडदा आपोआप पिवळसर होतो, खोलीतला उजेड पाहून आपोआप मंद होतो, खिडक्या उघडमिट करताना सावल्या पडतात, मध्येच ‘अपडेट करू का?’ म्हणून विचारणा. पत्र लिहायला, सिनेमा बघायला हे सगळं चांगलंच. मोजायला मात्र यातली प्रत्येक गोष्ट घातक. किराणा दुकानातला तराजू गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून आपलं आपण दहा ग्रॅम वाढवून दाखवू लागला तर कसं चालेल?

म्हणून लिनक्स. त्यात काही जादू नाही, आणि विंडोज वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. चांगल्या नव्या यंत्रावर, नको त्या गोष्टी बंद केल्या तर विंडोजही नीट वागतं, हे तिनेच सांगितलं. पण या क्षेत्रात वापरतात तो सायकटूलबॉक्स नावाचा संच (१९९७ साली डेव्हिड ब्रेनार्ड आणि वर उल्लेख आला तेच डेनिस पेली यांनी त्यावर लेख लिहिले) सांभाळणारी मंडळी काटेकोर वेळेच्या कामासाठी लिनक्सचीच शिफारस करतात. कारण तिथे नको ते खरोखर काढून टाकता येतं आणि काय चाललं आहे ते उघडून बघता येतं. या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या बाजूला मधूनच चित्र हुकायचं. झुबुंटू हे हलकं लिनक्स घातल्यावर, वरची सजावट बंद केल्यावर, हुकणं जवळजवळ थांबलं. मी डायोडचा आलेख स्वतः पाहिला.

“मग विंडोज काढूनच टाक की,” असं म्हणणारेही भेटतात. मुक्त प्रणालीची दीक्षा घेतलेल्यांत अशी कडवी मंडळी बरीच. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण तिच्या विभागातला उजेडमापक फक्त विंडोजशीच बोलतो. विद्यापीठाचे काही अर्ज ठरावीक तऱ्हेनेच भरावे लागतात. आणि मार्गदर्शकांनी लाल खुणा करून पाठवलेलं प्रकरण दुसऱ्या प्रणालीत उघडलं की समासाच्या बाहेर पळतं. संसार एकीकडे, प्रयोगशाळा दुसरीकडे. दोन्ही हवीत, आणि यंत्र एकच आहे. गरिबाघरच्या मुलीला दोन यंत्रं कुठून परवडणार?

आमच्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं होती. दिंडी दरवाजा एक, विहीर एक, बाकी खोल्या वाटून घेतलेल्या. डिस्कचं पार्टिशन मला त्या वाड्यावरूनच कळलं. (भाऊसाहेबांना सातबाऱ्यावरून कळलं. पोटहिस्से पाडले की आधी नकाशा, मग खुणा, मग नोंद, आणि नोंद चुकली की दोन पिढ्या कोर्टात!) आधी विंडोजचं बिऱ्हाड असावं, त्याने आपली जागा आक्रसून घ्यावी, मग मोकळ्या जागेत लिनक्सने यावं, हा क्रम सोयीचा. उलट केलं तर विंडोज दारावर आपलीच पाटी लावून मोकळं होतं. दारात ‘ग्रब’ नावाचा भालदार बसतो, तो यंत्र सुरू होताना विचारतो, कुणाकडे जायचंय? तिसरा हिस्सा सामाईक ठेवायचा, दोघांनाही वाचता येईल असा. प्रयोगाचे आकडे तिथे.

वाड्याशी फरक इतकाच की इथे एक बिऱ्हाड जागं असताना दुसऱ्याने गाढ झोपायचं असतं. विंडोजला एक खोड आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ते बंद झालंसं दाखवतं, पण खरं तर भांडीकुंडी पसरलेली तशीच ठेवून नुसती कडी लावून जातं. मग सामाईक खोलीत दुसऱ्याने काही हलवलं की सकाळी भांडण, म्हणजे फाईली बिघडायची भीती. ती सोय आधी बंद करावी. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, आणि मुख्य म्हणजे सगळ्या फाईलींची एक प्रत यंत्राबाहेर काढून ठेवावी. तिने हे सगळं शंभर पानी वहीत क्रमाने लिहून ठेवलं होतं, बोर्डाच्या परीक्षेचं वेळापत्रक लिहावं तसं. ते पाहून मला बरं वाटलं.

घड्याळाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. यंत्रात घड्याळ एकच असतं. विंडोज समजतं की त्यात इथली वेळ आहे. लिनक्स सहसा समजतं की त्यात ग्रीनिचची वेळ आहे. त्यामुळे लिनक्सवरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे! सकाळी साडेदहाला आमच्या माजघरात पहाटेचे पाच. भाऊसाहेबांना वाटलं बॅटरी गेली. मी मात्र नववीला रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ शिकवताना याहून सोपं उदाहरण शोधत होतो, ते आता मिळालं. एका आज्ञेत दुरुस्त होतं ते. पण दुरुस्त केलं नाही तर प्रयोगाच्या नोंदी आणि वहीतल्या नोंदी कधी जुळायच्या नाहीत.

पुतण्याचं म्हणणं वेगळं. “काका, एवढा खटाटोप कशाला? विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशीन टाकायचं, त्यात लिनक्स चालवायचं.” त्याच्या कामासाठी तो बरोबर आहे. पण ते घरात घर झालं. आतल्या माणसाने निरोप दिला तरी तो बाहेरच्या मालकाच्या हातून पडद्यापर्यंत जाणार, मालकाच्या सवडीने. जिथे साठाव्या हिश्श्याचा हिशोब आहे तिथे मध्यस्थ नको. तिने हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हं, टायमिंगसाठी चालणार नाही खरं.” आयटीतल्या माणसाने इतक्या लवकर मान्य केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता जे मला बोलायचं होतं ते. हे सगळं करायला या मुलीला यंत्र उघडावं लागलं, वाटणी करावी लागली, दोनदा फसून तिसऱ्यांदा जमवावं लागलं. आणि ते स्वतःच्या जुन्या यंत्रावर करावं लागलं, कारण ती आधी जिथे होती त्या कॉलेजात परवानगीच नव्हती. तिथल्या संगणकांचा पासवर्ड बाहेरच्या कंत्राटदाराकडे. दुसरी प्रणाली टाकली तर हमी जाईल, असं लेखी उत्तर मिळालं. ओसाड दुपारी तीस संगणक प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेले, आणि संशोधन करणाऱ्या मुलीला हात लावायची मुभा नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण या बाबतीत ते एकटं नसावं. आपल्याकडे यंत्राची पूजा होते, खंडेनवमीला झेंडू वाहतो, पण ते उघडणाऱ्या मुलाला आपण ओरडतो. शाळांतून संगणक शिकवायचा म्हणजे कुठलं चित्र कुठे दाबायचं ते पाठ करून घ्यायचं. मराठी माध्यमाच्या मुलांचं तर दुहेरी नुकसान. आधीच इंग्रजीचा धाक, त्यात यंत्राचा. केरळने आपल्या सरकारी शाळांत वीसेक वर्षांपूर्वीच मुक्त प्रणाली आणली आणि शिक्षकांनाच ती बसवायला शिकवली. आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात, ‘फॉसी’ प्रकल्प महागड्या प्रणालींऐवजी खुल्या प्रणाली वापरायला शिकवतो. ही मुलगी मॅटलॅबच्या महाग परवान्याऐवजी ऑक्टेव्ह वापरते, तो फुकट आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जोनाथन पियर्स यांनी सुरू केलेला सायकोपायही फुकट. अडचण पैशाची फार थोडी आहे, परवानगीची जास्त आहे.

‘दृष्टिविज्ञान वगैरे परदेशातल्या लोकांचे चोचले’ हेही ऐकलं. सी. व्ही. रामन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात डोळ्यावरच काम केलं, १९६८ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. एमआयटीतले पवन सिन्हा दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ चालवतात. जन्मांध, पण बरी होण्यासारखी मुलं शोधून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करवतात आणि नव्याने मिळालेली दृष्टी कशी घडत जाते ते अभ्यासतात. तत्त्वज्ञांचा १६८८ पासूनचा एक प्रश्न होता. जन्मांधाला अचानक दिसू लागलं तर हाताने ओळखलेली वस्तू तो डोळ्याने ओळखेल का? त्याचं उत्तर २०११ साली दिल्लीत शस्त्रक्रिया झालेल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांनी दिलं. लगेच नाही ओळखता येत, पण थोड्याच दिवसांत येऊ लागतं. यात चोचले कुठले? मुलांना डोळे मिळाले आणि जगाला उत्तर.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या उजव्या डोळ्यात नवं भिंग आहे, डावा अजून जुना. उजव्याने धोतर निळसर पांढरं दिसतं, डाव्याने साबणाच्या जुन्या वडीसारखं. जिन्याच्या परीक्षेत उजवा डावीपेक्षा बऱ्याच पायऱ्या खाली उतरला. वहिनीला एके दिवशी गाडी करून आणलं, काठीच्या आधाराने ती माजघरात बसली. खुर्ची, हनुवटी टेकवायला लाकडी ठोकळा, हातात दोन बटणं. तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पट्टे दिसायला माझ्या उजव्या डोळ्याच्या चौपट गडद करावे लागले. मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, “सर, हे निदान नव्हे हां. डॉक्टरांना दाखवायला हवं.” दाखवलं. भिंगाच्या मागचा पातळ पडदा गढूळ झाला होता. ऑपरेशननंतर काही वर्षांनी बऱ्याच जणांना होतो म्हणे, आणि लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. केला. परत येताना गाडीत वहिनी सुनेला एवढंच म्हणाली, “मी सांगत होते ना, पायरी दिसली नव्हती.” सून काही बोलली नाही.

शिबिरं घेणाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्या तक्त्याच्या जोडीला फिकटाची एखादी चाचणी ठेवावी असं मला वाटतं, निदान आमच्यासारख्या पावसाळी भागात. आणि महाविद्यालयांनी पाच-दहा यंत्रं तरी अशी ठेवावीत की जी विद्यार्थ्यांनी उघडावीत, वाटावीत, बिघडवावीत, परत बसवावीत. आत्ता त्याला मुहूर्तही चांगला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि त्या पिढीच्या पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. ती भंगारात निघताहेत. आमच्या दुकानदार विद्यार्थ्याकडेच सात-आठ पडून होती. त्यातल्या दोनांवर त्याने आता लिनक्स टाकून पाहिलंय. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं, मग डिस्कवर. ‘सर, वेगात चालतात की हो,’ म्हणाला.

मुलगी आता वाड्यांवर जायच्या तयारीत आहे. तिकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएसची सोय चालली आहे, आणि एखादं यंत्र बिघडलं तर हाताशी दुसरं हवं. तेव्हा भोर-वेल्ह्याकडच्या किंवा पुण्यातल्या कुणाकडे जुना डेस्कटॉप अडगळीत असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला सांगा. मेमरी चार जीबी असली तरी भागेल, डिस्क आम्ही बदलू. पडद्यावर चरे नसावेत आणि कडेला पिवळा डाग नसावा, एवढं मात्र बघून ठेवा.